दाराच्या आतल्या बाजूने

१५ जानेवारी २०२६ रोजी माझ्या लेकीने आयुष्यातले पहिले मतदान केले. खरे तर ते एक मत नव्हते, चार मते होती. नाशिक महानगरपालिकेच्या १२२ जागा ३१ प्रभागांत वाटलेल्या आहेत आणि दोन प्रभाग सोडले तर प्रत्येक प्रभागातून चार नगरसेवक निवडून जातात. आमचे केंद्र एका शाळेत होते. फळ्यावर आदल्या दिवशीचा सुविचार तसाच होता आणि बाके भिंतीला लावून ठेवली होती. अ, ब, क, ड अशी चार बटणे दाबून ती बाहेर आली, बोटावर मार्करने ओढलेली रेघ उजेडात धरून पाहिली आणि मला म्हणाली, "आई, कुणाला दिले ते विचारू नकोस." मी विचारणारही नव्हते. घरी येताना मात्र माझ्या मनात हेच घोळत राहिले की, या मुलीसमोर अठरा वर्षे मी राजकारणावर बोलत आले, तिचे बहुतेक प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात जन्मले, आणि तरी तिचे मत आज मला ठाऊक नाही. याचे मला वाईट वाटले नाही. उलट इतक्या वर्षांत आपण एक गोष्ट तरी बरी केली असे वाटले.

महापालिकेची यापूर्वीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे या शहराला एकही नगरसेवक नव्हता; कारभार सरकारने नेमलेला प्रशासक पाहत होता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, त्यात प्रभागरचना एकदा बदलली, मग पुन्हा बदलली, आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असे बजावले तेव्हा चाके हलली. या काळात राज्यात एक सरकार जाऊन दुसरे आले, तरी आपल्या शहराला प्रतिनिधी नाहीत याची घाई दोघांपैकी कुणालाही झालेली मला दिसली नाही. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो, पण हजारो कोटींचे अंदाजपत्रक एका अधिकाऱ्याच्या सहीने मंजूर होते आणि त्यावर उभे राहून "हे का?" असे विचारणारा एकही माणूस सभागृहात नसतो, तेव्हा त्या शहरात वाढणारी मुले लोकशाहीविषयी काय शिकतात, हा प्रश्न मला एक पालक म्हणून छळत असे. पावसाळ्यात आमच्या कॉलनीतले गटार तुंबले की लेक विचारायची, "आपला नगरसेवक कोण?" आणि मला सांगावे लागायचे की सध्या कुणी नाही. तिच्या किशोरवयाची निम्मी वर्षे या उत्तरात गेली.

माझ्या नात्यातली आणि शेजारची माणसे मला "तुम्ही काय, उदारमतवादी!" असे म्हणतात. हल्ली या शब्दाला बोच आली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच बोचेसाठी मराठीत "मवाळ" हा शब्द होता. मला दोन्ही शब्दांची लाज वाटत नाही, आणि त्यामागे एक घरगुती कारण आहे. माझे सासर निफाड तालुक्यातले, चांदोरी-सायखेड्याच्या पट्ट्यातले. आणि महाराष्ट्रात उदारमतवादाचा पाया घालणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मले ते निफाडलाच. लग्न होऊन आले तेव्हा मला या योगायोगाचे फार अप्रूप होते. पुढे वाचत गेले तसे रानड्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग माझ्या मनात रुतून बसला. विधवाविवाहाचा कैवार घेणारे रानडे १८७३ मध्ये विधुर झाले, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते, आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली. त्यांनी तिला शिकवले, आणि तिने पुण्यात जे काम उभे केले ते आजही उभे आहे. पण शिकवले म्हणून ते लग्न बरोबर ठरत नाही. सभेत मांडलेले मत घराच्या उंबरठ्यावर, वडिलांच्या डोळ्यांसमोर मागे फिरले. मला रानड्यांविषयी अतीव आदर आहे आणि म्हणूनच हा प्रसंग मी लेकीपासून लपवला नाही. माझ्या मताची कसोटी टीव्हीसमोरच्या चर्चेत लागत नाही, ती घराच्या दारात लागते, हे मला त्यातून कळले होते. कळणे आणि वागणे यांत किती अंतर असते, ते पुढे सांगते.

साधारण चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची पुण्याला बदली झाली आणि त्यांनी फ्लॅट भाड्याने द्यायचे ठरवले. एक तरुण मुसलमान जोडपे फ्लॅट पाहून गेले. तो बँकेत नोकरीला होता, ती दातांची डॉक्टर होती, सोबत दोन वर्षांचा मुलगा होता. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. त्या सभेत कुणीही आवाज चढवला नाही, कुणीही वाईट शब्द उच्चारला नाही. एक ज्येष्ठ सभासद अतिशय सौम्यपणे म्हणाले, "आपल्याकडे गणपती असतो, सणवार असतात, त्यांनाच बिचाऱ्यांना अवघडल्यासारखे होईल." दुसऱ्या एकींनी "तसे लोक चांगलेच असतील, पण" असे म्हणून वाक्य अर्धेच सोडले. सगळ्यांनी ते अर्धे वाक्य मनातल्या मनात पूर्ण केले. भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त आधी कळवावे लागते, हे मला माहीत होते, कारण मी त्या वर्षी सोसायटीची सचिव होते आणि उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमांची, प्रत माझ्याच पिशवीत होती. मी ती बाहेर काढली नाही. मी इतिवृत्त लिहिले. निळ्या शाईच्या पेनाने, माझ्या चांगल्या अक्षरात, मी असे लिहिले: "भाडेकरू सोसायटीच्या वातावरणाशी जुळणारे असावेत, असे सर्वानुमते सुचविण्यात आले." घरमालकाने सूचना ओळखली. ते जोडपे पुन्हा आले नाही.

दोन-तीन दिवसांनी लेक पाण्याच्या टँकरची पावती शोधत होती, तेव्हा ती नोंदवही तिच्या हाती लागली. तिने ते वाक्य मोठ्याने वाचले आणि विचारले, "जुळणारे म्हणजे कोण?" मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण ते उत्तर नव्हते. ती पुढे म्हणाली, "आणि सर्वानुमते म्हणजे तूसुद्धा?"

त्या रात्री मला माझे आजोबा आठवले. आमचा जुना वाडा पंचवटीत, काळाराम मंदिरापासून हाकेच्या अंतरावर होता. २ मार्च १९३० रोजी अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांचा मोर्चा त्या मंदिराकडे आला, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जवळपास पाच वर्षे चिकाटीने चालवला. महिन्याभराने रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली, तरी दरवाजा उघडला नाही. त्याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्या घोषणेआधी या गावात पाच वर्षे एक दार बंद होते, हे नाशिककरांनी विसरू नये असे मला वाटते. आजोबा १९३० मध्ये पंधरा वर्षांचे होते. शाळेत असताना मी त्यांना विचारले होते, "त्या दिवशी तुम्ही काय केलेत?" ते म्हणाले, "काही नाही. वडिलांनी दिंडी दरवाजाला अडसर घातला, आणि आम्ही माडीच्या खिडकीतून पाहत बसलो." आमच्या घरातल्या कुणी दगड मारला नव्हता, आणि पाण्याचा तांब्या घेऊनही कुणी बाहेर गेले नव्हते.

जानेवारी २०२४ मध्ये देशाचे लक्ष अयोध्येकडे लागले होते, तेव्हा याच काळाराम मंदिरात १२ तारखेला पंतप्रधानांनी आवार झाडले आणि २२ तारखेला उद्धव ठाकरे यांनी आरती केली. रामाच्या दारात कुणीही यावे, हेच तर सत्याग्रहाचे म्हणणे होते. त्यामुळे दोघांच्याही येण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दोन्ही दिवसांच्या बातम्या पाहताना मी लेकीला मोबाइलवर मंदिराची पायरी दाखवली आणि १९३० मध्ये लोक कुठे बसले असतील याचा आम्ही दोघींनी अंदाज केला. त्या पायरीपाशी थोडा वेळ थांबणारे राजकारण मला हवे आहे, मग ते कोणत्याही पक्षाचे असो.

राष्ट्रीय राजकारणावर ठाम मत ठेवणे आणि ते बदलण्याची तयारी ठेवणे, या दोन्ही गोष्टी मी वडिलांकडून शिकले. ते नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटबंदी जाहीर झाली तेव्हा त्यांना ती पटली. नोट कशी छापतात, तिचा कागद कसा असतो, हे ठाऊक असलेल्या माणसाला बनावट नोटांचा मनस्वी राग असणे साहजिक होते, आणि खरे सांगायचे तर पहिले काही आठवडे मलाही तो निर्णय धाडसी वाटला. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात आले की रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के नोटा परत आल्या. वडिलांनी ती बातमी दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि अकरा वर्षांच्या नातीसमोर म्हणाले, "माझे चुकले होते. काळा पैसा बँकेबाहेर राहील असे मला वाटले होते, तो राहिला नाही." मोठ्या माणसाने मुलांसमोर इतक्या सरळपणे असे बोललेले मी फार थोड्या वेळा ऐकले आहे. लेकीला ते वाक्य अजून पाठ आहे.

आता निफाडची गोष्ट सांगते, कारण माझ्या मतांची सर्वांत अवघड परीक्षा तिथे झाली आणि ती अजून संपलेली नाही.

गोदावरी नाशिकमधून वाहत निफाड तालुक्यातून नांदूरमध्यमेश्वरला जाते आणि पुढे पैठणच्या जायकवाडी धरणाला मिळते. वर नाशिक आणि नगरची धरणे, खाली मराठवाडा. महाराष्ट्रात २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, या पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, आणि त्यानंतर समन्यायी पाणीवाटपाचे सूत्र असे ठरले की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी खाली सोडायचे. २०२३ मध्ये पाऊस ओढ देऊन गेला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिक-नगरच्या धरणांतून साडेआठ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) थोडे अधिक पाणी सोडण्याचा आदेश अमलात आला. पाणी मध्येच कुणी उचलू नये म्हणून अशा वेळी नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात. आमच्या भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची मोटार अशीच बंद झाली. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेला पाणी लागते ते नेमके त्याच दिवसांत, घड फुलोऱ्यातून मण्यावर येत असताना.

आम्ही त्या शनिवार-रविवारी गावी होतो. जेवताना भाऊजी म्हणाले, "आपले पाणी नेतात, आणि आपण बघत बसायचे." सोळा वर्षांच्या लेकीने पानातली भाकरी तशीच ठेवून विचारले, "काका, मग पैठणच्या खालच्या लोकांनी काय करायचे?" घरात एकदम शांतता पसरली. भाऊजी रागावले नाहीत. ते तिच्यावर कधीच रागावत नाहीत. ते एवढेच म्हणाले, "बेटा, तू शहरातली. तुझ्या नळाचे पाणी कुणी तोडत नाही."

समन्यायी पाणीवाटप योग्य आहे असे मी तोपर्यंत कितीतरी वेळा बोलले होते, आणि आजही मला ते योग्यच वाटते. नदी वरच्या माणसाची नसते, तशी ती खालच्याचीही नसते. औरंगाबाद-जालन्याच्या, परभणीच्या पट्ट्यातला शेतकरी माझा कुणी नाही असे मी म्हणू शकत नाही. पण भाऊजींच्या वाक्याने मला प्रथमच जाणवले की या न्यायाची किंमत मी मोजतच नव्हते. ती त्यांची बाग मोजत होती. गंगापूर धरणातून नाशिक शहराला पाणी येते, आणि टंचाईत सर्वांत आधी राखीव ठेवले जाते ते माझ्या नळाचे. मी गाडी धुते, कुंड्यांना पाणी घालते आणि खुर्चीत बसून नदी सगळ्यांची आहे असे म्हणते. ते वाक्य खरे असले तरी ते म्हणण्याचा अधिकार मी कमावला नव्हता. तेव्हापासून मी असे म्हणते की पाणी खाली गेलेच पाहिजे, आणि त्यातला पहिला वाटा शहराने सोडला पाहिजे. कपात आधी आमच्या टाक्यांवर यावी, मग त्यांच्या मोटारींवर. शहरात हे बोलले की माणसे विषय बदलतात.

त्याच रविवारी, २६ नोव्हेंबरला, निफाड तालुक्यात गारपीट झाली. दुपारी आभाळ भरून आले आणि अंगणात हरभऱ्याएवढ्या, मग सुपारीएवढ्या गारा पडू लागल्या. पत्र्यावरचा तो आवाज मी विसरणार नाही. पाऊस थांबल्यावर भाऊजी बागेत गेले आणि मी त्यांच्या मागे गेले. वेलींखाली हिरवे कोवळे मणी सांडले होते, जणू कुणी माळ तोडून टाकावी तसे. पाने फाटून लोंबत होती. त्यांनी एक घड हातात घेतला, अंगठ्याने दाबला, आणि म्हणाले, "वहिनी, हे आता कुजणार." तसाच घड धरून ते बराच वेळ उभे राहिले.

बाग गेली तरी कांदा होता. खरिपाचा लाल कांदा बाजारात यायला लागला होता आणि भाव बरा होता. ८ डिसेंबरपासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावले होते, आता दारच लावून घेतले. लासलगाव-पिंपळगावचे लिलाव थांबले, सुरू झाले तेव्हा थोड्याच दिवसांत भाव जवळपास निम्म्यावर आला होता. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, तीही किमान निर्यातमूल्य आणि शुल्क लावून. तीन आठवड्यांच्या आत पाणी, गारा आणि निर्यातबंदी अशा तीन गोष्टी एकाच माणसावर येऊन पडल्या. पहिलीमागे एक न्याय होता, दुसरी कुणाच्या हातची नव्हती. तिसरी मात्र केवळ माझ्यासाठी होती. शहरातल्या माझ्यासारख्या बाईला कांदा स्वस्त मिळावा आणि तिने निवडणुकीच्या वर्षात कुरकुर करू नये, म्हणून माझ्या दिराच्या शेतातला कांदा भाव पाडून विकायला लावला गेला. यावर माझे मत अगदी स्पष्ट आहे: शेतकऱ्याला भाव चढताना बाजार नाकारायचा आणि भाव पडला की "बाजार आहे, आम्ही काय करणार" असे सांगायचे, ही लबाडी आहे, आणि ती या देशात एकाच पक्षाने केलेली नाही. भाऊजींनी २०१४ आणि २०१९ मध्ये एका बाजूला मत दिले होते. २०२४ मध्ये त्यांनी दुसऱ्या बाजूला दिले, आणि दिंडोरी मतदारसंघात केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार हरल्या. दिल्लीचा निर्णय आपल्या शेतापर्यंत कसा येतो आणि शेतातला राग दिल्लीपर्यंत कसा जातो, हे लेकीने त्या वर्षी पाठ्यपुस्तकाबाहेर पाहिले.

हेच भाऊजी घरच्या ग्रुपवर मुसलमानांविषयी असे संदेश पुढे पाठवतात की वाचताना माझे हात थरथरतात. मी पूर्वी तिथेच उत्तर द्यायचे. दुवे, आकडे, खंडन. त्याने काही झाले नाही, उलट दोन दिवस ग्रुपवर अबोला असायचा. आता मी फोन करते. आधी बागेचे विचारते, आईंच्या गुडघ्याचे विचारते, मग म्हणते, "भाऊजी, सकाळचे ते पाठवलेले खरे नाही, आणि खरे असते तरी आपल्या मुलांनी ते वाचावे असे मला वाटत नाही." कधी ते गप्प बसतात, कधी म्हणतात, "वहिनी, तुमचे वाचन जास्त." गेल्या वर्षी एकदा त्यांनी संदेश मागे घेतला. मी त्यावर काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत.

त्यांच्या बागेत छाटणीला पेठ-सुरगाण्याहून आदिवासी टोळ्या येतात. मार्च २०१८ मध्ये याच तालुक्यांतली माणसे, वनजमिनीचे हक्क मागत, नाशिकहून मुंबईकडे चालत निघाली होती. ६ मार्चला मोर्चा निघाला त्या दुपारी मी लेकीला शाळेतून परस्पर पाथर्डी फाट्यावर घेऊन गेले. ती दहा वर्षांची होती. लाल टोप्यांची रांग संपता संपेना. एक साठीच्या बाई रस्त्याच्या कडेला बसून पायाला चिंधी बांधत होत्या; लेकीने दप्तरातली पाण्याची बाटली त्यांना दिली आणि त्यांनी अर्धी पिऊन परत केली. सहा दिवसांनी तीच माणसे मुंबईत पोहोचली. दहावीच्या मुलांची परीक्षा आहे, वाहतूक अडू नये, म्हणून ती शेवटची रात्र चालत राहिली. मी लेकीला तेव्हा म्हणाले होते, "आंदोलन असे असते."

आणि मग नोव्हेंबर २०२५ उजाडला. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी साधुग्राम उभारायला तपोवनातली सतराशेहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि शहर ढवळून निघाले. माझी आई अजून एकादशीला रामकुंडावर जाते. कुंभ हा आमच्या घराला परका नाही. पण राम-सीता-लक्ष्मण जिथे राहिले असे आपण सांगतो, त्या तपोवनातली झाडे साधूंच्या सोयीसाठी तोडावीत, आणि बदल्यात दुसरीकडे रोपे लावू असे आश्वासन द्यावे, हे मला श्रद्धेच्या बाजूनेही पटले नाही. वड-पिंपळाच्या सावलीचा हिशेब रोपांनी फिटत नाही. लेक म्हणाली, "मी उद्या तपोवनात जाणार आहे." आणि मी, जिने तिला पाथर्डी फाट्यावर उभे केले होते, चटकन म्हणाले, "परीक्षा जवळ आली आहे. पोलिसांनी नाव लिहून घेतले तर? पुढे पासपोर्टला अडचण येईल." बोलता बोलताच माझे वाक्य मला कुठूनतरी ओळखीचे वाटले. अडसर घालणाऱ्या पणजोबांनाही अशीच काहीतरी काळजी वाटली असणार. लेकीने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "आई, तेव्हा पायाला चिंधी बांधणाऱ्या आजींना तू हे सांगितले असतेस का?"

ती गेली. दुसऱ्या दिवशी मीही गेले, तिच्यासोबत नाही, माझी माझी. तिथे निवृत्त शिक्षक होते, नर्सरीवाले होते, भगवी उपरणी घातलेले होते आणि निळे झेंडे घेतलेलेही होते. एका चिंचेला हात लावून एक गृहस्थ आपल्या नातवाला तिचे वय किती असेल ते सांगत होते. प्रकरण पुढे न्यायालयापर्यंत आणि हरित लवादापर्यंत गेले. मी एवढेच पाहिले की ज्या शहराला चार वर्षे नगरसेवक नव्हते, त्या शहराने एका महिन्यासाठी स्वतःच सभा भरवली.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होतो. खाली तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या बंद होत्या. गेल्या महिन्यात तिथले भाडेकरू नाशिक सोडून गेले आणि फ्लॅट पुन्हा रिकामा झाला आहे. घरमालकाने मला पुण्याहून फोन करून विचारले होते की यावेळी सोसायटीचे म्हणणे काय आहे, कारण एका मुसलमान कुटुंबाने विचारणा केली आहे आणि मागच्यासारखे नको. मी त्यांना "सांगते" एवढेच म्हणाले होते. लेकीला मी हे सांगितले नव्हते. कपड्यांची घडी घालता घालता सांगितले. तिने काही सुचवले नाही, उपदेश केला नाही, फक्त विचारले, "नोंदवही अजून तुझ्याकडेच आहे?"

आता मी सचिव नाही, वही दुसऱ्यांकडे आहे. त्या रात्री मी सोसायटीच्या नावे एक पानाचा अर्ज लिहिला. त्यात चार वर्षांपूर्वीच्या सभेची तारीख घातली, इतिवृत्तातले ते वाक्य जसेच्या तसे उतरवले, ते मी लिहिले होते असे नमूद केले, ते उपविधींना धरून नव्हते आणि योग्यही नव्हते असे लिहिले, आणि "सर्वानुमते" या शब्दातून माझे नाव वगळावे अशी विनंती केली. भाडेकरू निवडण्याचा अधिकार घरमालकाचा आहे, हेही उपविधीचा आधार देऊन लिहिले. दुसऱ्या दिवशी घरमालकाला फोन करून तेच सांगितले. लेकीने अर्ज वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली, ती मी सुधारली.

सभा येत्या रविवारी सकाळी साडेदहाला आहे. उपविधींची प्रत मी पिशवीत ठेवली आहे.